सरडा हाच खरा ड्रॅगन (आणि कोमोडो म्हणजे आपली घोरपड)

कातळसडा

परवा भाच्याच्या वाढदिवसाला गेलो होतो, तिथे पोरांची जुंपली होती की जगातला सगळ्यात मोठा सरडा कोण, तर म्हणे कोमोडो ड्रॅगन. मी आपलं सहज म्हणालो की बाळांनो तो सरडा नाहीये, ती घोरपड आहे. झालं, केक राहिला बाजूला आणि मला अर्धा तास उलटतपासणी. घरी येऊन वाटलं इथे लिहावं, कारण मोठी माणसंही हाच घोळ घालतात.

इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, लिझर्ड. आपल्याकडे मात्र चार वेगळे शब्द आधीपासून आहेत, पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड, आणि गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनी पाडलेली कुळं यांच्याशी बऱ्यापैकी जुळतात. सरडा म्हणजे अगॅमिडी कुळ. यांनाच इंग्रजीत ड्रॅगन लिझर्ड म्हणतात. घोरपड व्हॅरानिडी कुळातली, आणि कोमोडोचा ड्रॅगन पण त्याच कुळातला, त्याचं शास्त्रीय नावच व्हॅरानस कोमोडोएन्सिस. घोरपडीची जीभ बघा, सापासारखी दुभंगलेली, लांब, सारखी आत-बाहेर. सरड्याची जीभ जाड, मांसल, आखूड. एवढा एकच फरक लक्षात ठेवला तरी निम्मा घोळ मिटतो.

अगॅमिडीत आज ५०० च्या वर जाती आहेत. आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया आणि युरोपच्या दक्षिण टोकाला थोड्या. अमेरिकेत मूळच्या एकही नाहीत, तिकडे त्यांची जागा इग्वानांनी घेतलीय. या कुळाची सहा उपकुळं, त्यातल्या एकाचं नाव ड्रॅकोनिनी, म्हणजे अक्षरशः ड्रॅगनवाले. आणि आपल्या कुंपणावर मान हलवत बसलेला नेहमीचा सरडा याच ड्रॅकोनिनीतला. तेव्हा ड्रॅगन बघायला इंडोनेशियाचं तिकीट काढायची गरज नाही.

बाकीचं विचाराल तसं लिहितो.

पेणची_सुगरण

छान धागा. पण एक सांगा, रंग बदलतो तो नक्की कोण? आम्ही लहानपणी बागेतल्यालाच शॅमेलिऑन म्हणायचो, आणि आजी म्हणायची लांबून मान हलवून रक्त शोषतो, मग आम्ही गळ्यावर हात ठेवून पळायचो.

कातळसडा

सुगरणताई, गळा धरून पळायचं कारण त्याच्या गळ्यातच आहे. विणीच्या काळात नराचं डोकं नि गळा लालभडक होतो, लोकांना वाटतं रक्त प्यायलाय. इंग्रज पण यालाच ब्लडसकर म्हणायचे, म्हणजे आजी एकटी नव्हती. तो लाल रंग आणि ते मान हलवणं, दोन्ही दुसऱ्या नराला दम द्यायला आणि मादीला दाखवायला. तुमच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

हा बागेतला म्हणजे कॅलोटस व्हर्सिकलर, व्हर्सिकलरचा अर्थच रंगीबेरंगी. दॉदँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८०२ मध्ये नाव दिलं. शॅमेलिऑन वेगळा, मराठीत त्याला सरडगुहिरा असा भारी शब्द आहे. त्याची बोटं चिमट्यासारखी दोन गठ्ठ्यात जोडलेली, डोळे शंकूसारखे नि दोन दिशांना फिरणारे, शेपटीला वळी, आणि जीभ लांब फेकून किडा पकडतो. आपल्या सरड्याची पाच बोटं सुटी, नखं टोकदार, आणि तो धावत जाऊन तोंडाने किडा पकडतो. रंग बदलतो हे खरं, पण पाठीमागच्या पानाला मॅच करायला नाही हो. ऊन, भीती, भांडण, प्रेम यावर बदलतो. थंडीत सकाळी काळपट होऊन उन्हाला पाठ देऊन बसतो, तापला की फिका पडतो.

डॉक्टर_दातवाले

मी दातांचा डॉक्टर, सरड्यातलं ओ की ठो कळत नाही. पण कुठेतरी वाचलं होतं की हे वर्गीकरण दातांवरून करतात. खरं का? खरं असेल तर मी हा धागा सोडत नाही.

कातळसडा

डॉक्टर, तुम्हीच पाहिजे होतात!

इग्वाना, पाल, घोरपड यांचे दात जबड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात, पडतात नि नवे येतात. सरड्याचे दात जबड्याच्या हाडाच्या वरच्या कडेवरच थेट जोडलेले, हाडाशी एकजीव, खोबण नाही काही नाही. याला अॅक्रोडाँट म्हणतात. हे दात पडून परत येत नाहीत, झिजत जातात, आणि वाढ होताना मागच्या बाजूला नवीन भर पडते. त्यामुळे म्हाताऱ्या सरड्याचे पुढचे दात झिजून नुसती हाडाची कड उरते. फक्त अगदी समोरचे दोन-चार सुळ्यासारखे दात जुन्या पद्धतीचे, ते बदलतात. सरडगुहिऱ्याचे दातही अॅक्रोडाँट, म्हणून सरडा नि सरडगुहिरा एकमेकांचे चुलत, दोघांचा मिळून गट अॅक्रोडाँटा. सुगरणताईंची लहानपणची गल्लत अगदीच परक्या घरातली नव्हती म्हणजे.

न्यूझीलंडच्या तुआतारालाही अॅक्रोडाँट दात आहेत पण तो सरडा नाही, त्याची शाखाच निराळी. एका खुणेवर निकाल द्यायचा नाही तो यासाठी.

डॉक्टर_दातवाले

म्हणजे आयुष्यभर एकच सेट. मग यांना हिरड्यांचे रोग होत असणार, हाडावर थेट दात म्हटल्यावर किटण बसलं की संपलंच.

ब्रिस्बेनकर

होतात ना काका! इथे ऑस्ट्रेलियात लोक बिअर्डेड ड्रॅगन नावाचे सरडे पाळतात, मऊ फळं नि केळी खाऊ घालतात लाडाने आणि मग व्हेटकडे घेऊन जातात, जबड्याला सूज, हिरडी मागे सरकलेली. कडक पाठीचे किडे, पालेभाजी असं द्या म्हणून सांगतात. माझ्या शेजारणीच्या ड्रॅगनचे दात साफ करायला भूल द्यावी लागली होती, बिल बघून तिला स्वतःलाच भूल आली.

घाटवाट

मुद्द्याचं बोला. फॅनवाला सरडा पाहिलाय का कुणी? साताऱ्याला चाळकेवाडीच्या पठारावर एप्रिल-मेमध्ये जा, डोळ्याचं पारणं फिटतं. वीतभर प्राणी, रंग मातीचा, शेजारी बसला तरी दिसणार नाही, आणि मग दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडतो, निळा काळा नि केशरी. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं कुणी गणपतीच्या मखराचा कागद टाकलाय.

कातळसडा

घाटवाट, तोच तर या धाग्याचा हिरो. मीही दरवर्षी जातो, पोटावर झोपून फोटो काढतो, बायको म्हणते तुझे शर्ट बघून वाटतं तूच सरडा आहेस.

पूर्वी या सगळ्या पंखावाल्यांना सरसकट सिटाना पाँटिसेरियाना म्हणायचे, पाँडिचेरीवरून. २०१६ मध्ये दीपक वीरप्पन, वरद गिरी, प्रवीण कारंत वगैरे मंडळींनी भारतभरचे नमुने घेऊन डीएनए, कवटी, खवले सगळं तपासलं आणि मोठ्या रंगीत पंख्यावाल्यांची प्रजातीच (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) वेगळी केली. आणि नाव काय दिलं माहितीये? सराडा. आपल्या मराठी सरड्यावरून! चाळकेवाडीचा तो सराडा सुपर्बा. सुपर्बा म्हणजे काय ते तुम्ही मखराच्या कागदाने सांगितलंच आहे. मराठी शब्द लॅटिन नावात पहिल्या जागी, आपल्याकडे मिरवणूक निघायला पाहिजे होती.

दोन्ही प्रजातींची एक खूण, मागच्या पायाला चारच बोटं. इतर सरड्यांना पाच. फोटो काढताना पंखा सगळेच काढतात, पाय पण काढत जा.

पेणची_सुगरण

मी इंग्रजी स्पेलिंग बघून शारदा वाचलं आणि म्हटलं वा, सरड्याला सरस्वतीचं नाव 😀

घाटवाट

😀😀 ताई

कातळसडा, त्या पठारावर पवनचक्क्या किती झाल्यात, सरड्यांचं काय होणार? आम्ही वीस वर्षांपूर्वी जायचो तेव्हा नुसता वारा होता.

कातळसडा

याचं उत्तर उलटंपालटं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर, आणि अमोद झांबरे, हर्षल भोसले यांनी नेमका चाळकेवाडीलाच अभ्यास केला, २०१८ मध्ये आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी. पक्षी कमी म्हणून सरडे जास्त. वाचून बरं वाटतं, पण पुढे वाचा. तिथल्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोन कमी, माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळत नाहीत, आणि गर्दी झाल्याने खाण्याची ओढाताण, नरांच्या पंख्याचा रंग फिका. म्हणजे घार-ससाण्याचा धाक गेला तर सरड्याचा गळाच फिका पडला. मला हे वाचून कितीतरी दिवस पठारावरचा फोटो काढताना चक्कीपासून अंतर किती ते बघायची सवय लागलीय.

सुपारीबाग

आमच्याकडे सिंधुदुर्गात उडणारो सरडो असा, तेका काय म्हणतात शास्त्रात? सुपारीच्या बागेत ह्या झाडावरसून त्या झाडावर जाता. पोरगे लहान असताना भूत म्हणायचे. नीट मराठीत विचारतो, तो उडतो की तरंगतो?

कातळसडा

तरंगतो. ड्रॅको डुसुमिएरी. ड्रॅको म्हणजे परत ड्रॅगनच, लिनिअसने १७५८ मध्येच हे प्रजातीनाव देऊन ठेवलंय. पश्चिम घाटात गोवा, कर्नाटक, केरळ, आणि तुमच्या सिंधुदुर्गाकडे.

पंख म्हणून जे दिसतं ते पंख नाहीत. छातीच्या मागच्या काही बरगड्या लांब होऊन शरीराबाहेर आल्यात आणि त्यावर कातडीचा पडदा, छत्रीच्या काड्यांसारख्या. पक्षी नि वटवाघळांनी हाताचे पंख केले, याने हात मोकळे ठेवून बरगड्या वापरल्या. आणि त्या मोकळ्या हातांचं काम पण आता कळलंय, मॅक्सिमिलियन डेहलिंग यांनी पश्चिम घाटातल्याच ड्रॅकोंचे फोटो काढून २०१७ मध्ये दाखवलं की उडी मारल्यावर तो पुढच्या पायांनी पडद्याची पुढची कड धरतो आणि तसाच दिशा देतो, म्हणजे पतंगाची कामटी हातात धरल्यासारखा. नराचा गळ्याखालचा पडदा पिवळा. खाणं मुख्यतः मुंग्या. मादी अंडी घालायला तेवढी जमिनीवर उतरते, माती उकरून अंडी पुरते आणि परत खोडावर.

सुपारीबाग

पिवळा पडदो! बरोबर! आमका वाटायचा पिकला पान हलता. आता बागेत औषध मारताना बघूक होया, मुंगयो मेल्यो तर तो खातलो काय.

डांबरट_बोका

सगळं ठीक आहे पण जत्रेत सांड्याचं तेल विकतात ते कशाचं? आमच्या मामांनी गुडघ्याला लावलं होतं, गुडघा तसाच, चादरीला मात्र वास राहिला.

कातळसडा

हा विषय डोक्यात जातो माझ्या. सांडा पण सरडाच, अगॅमिडीतलाच, पण त्याचं उपकुळ युरोमॅस्टिसिनी. शास्त्रीय नाव सारा हार्डविकी. राजस्थान, कच्छ, पाकिस्तानातल्या कोरड्या मैदानात राहतो, बिळं करून. जाडजूड, गवत-पाला खाणारा, शेपटीवर काट्यांच्या कड्या. बाकीचे बहुतेक सरडे किडेखाऊ, हा मात्र शाकाहारी. काही बिघडवत नाही कुणाचं. जत्रेत त्याच्या पाठीचा कणा मोडून ठेवतात म्हणजे पळत नाही, आणि समोर चिरून चरबी वितळवतात. ते तेल म्हणजे नुसती चरबी. औषध शून्य. कायद्याने संरक्षित प्राणी आहे, विकणाऱ्यालाच नाही, विकत घेणाऱ्यालाही धरू शकतात. दिसलं तर वनखात्याला फोन करा.

डॉक्टर तुमच्यासाठी, सांड्याच्या मोठ्या माणसाचे, म्हणजे वयात आलेल्याचे, पुढचे दात झिजून जबड्याचं हाडच चोचीसारखं होतं, त्याने गवत कापतो.

डॉक्टर_दातवाले

धन्यवाद. माझ्या क्लिनिकमध्ये असे दोन पेशंट आहेत.

ब्रिस्बेनकर

इकडचं सांगते. ऑस्ट्रेलियात ड्रॅगन म्हटलं की हेच, अँफिबोल्युरिनी उपकुळ, शंभराच्या आसपास जाती. आमच्या शहरातल्या नदीकाठच्या बागांमध्ये वॉटर ड्रॅगन लोकांच्या डब्यातलं खायला टपून बसलेले असतात, नर अंगाने दणकट, छाती लाल, डोळ्यामागे काळा पट्टा, माणूस जवळ गेला की धाडकन पाण्यात. मुलगी त्यांना गल्लीतले दादा म्हणते.

बिअर्डेड ड्रॅगनची दाढी म्हणजे गळ्याखालचे काटेरी खवले, राग आला की फुगवून काळी करतो. आणि छोटा नर मोठ्या नराला बघून एक हात गोल फिरवून टाटा करतो, म्हणजे मी लहान आहे मारू नकोस. हे बघून मला हसावं की रडावं कळेना.

तसाच मोलोक, थॉर्नी डेव्हिल. अंगभर काटे. वाळवंटात राहतो नि खातो फक्त मुंग्या. पाणी पिताना तोंड लावत नाही, अंगावरच्या खवल्यांमध्ये बारीक चऱ्या असतात, पायाने दंव किंवा ओली वाळू लागली की पाणी त्या चऱ्यांमधून आपोआप चढत तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत येतं. मानेवर एक गाठ असते, घाबरला की डोकं खाली घालतो आणि ती गाठच डोकं वाटते.

घाटवाट

आणि ती झालर उघडणारा? दोन पायांवर पळतो तो.

ब्रिस्बेनकर

फ्रिल्ड ड्रॅगन, क्लॅमिडोसॉरस. उत्तरेला असतो, मी एकदाच पाहिलाय. झालर एरवी खांद्यावर उपरण्यासारखी घडी पडलेली. ती जिभेखालच्या हाडा-कुर्च्यांच्या काड्यांवर ताणलेली असते, तोंड उघडलं की आपसूक उघडते. फूटभर व्यासाची होते. घाबरवून झालं आणि आपण नाही घाबरलो तर तो मागच्या दोन पायांवर पळ काढतो. 

एक खूप भन्नाट गोष्ट राहिली. सेंट्रल बिअर्डेड ड्रॅगनमध्ये नर-मादी गुणसूत्रांवर ठरतात, कोंबड्यांसारखं, झेडझेड नर आणि झेडडब्ल्यू मादी. पण अंडी ३२ अंशाच्या वर उबवली की झेडझेड असलेली पिल्लंही मादी होऊन निघतात, आणि अंडी पण घालतात. २०१५ मध्ये तर रानात अशा माद्या सापडल्याचं छापून आलं. 

डांबरट_बोका

म्हणजे ग्लोबल वॉर्मिंगमध्ये सगळ्या वहिनीच. आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं.

कातळसडा

बोक्या, तुझ्यासाठी त्याहून पुढचं आहे. व्हिएतनाममध्ये लायोलेपिस म्हणजे बटरफ्लाय लिझर्ड, यांचं पण वेगळं उपकुळ, तिकडे खातात. तिथल्या न्गो व्हान त्री नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हॉटेलात खायला ठेवलेले सगळे एकसारखे दिसतायत, नर एकही नाही. बघतात तर जातच नवीन, फक्त माद्या, नराशिवाय पिल्लं. २०१० मध्ये लायोलेपिस न्गोव्हानत्री असं त्यांच्याच नावाने नाव मिळालं. मेन्यूकार्डावरून थेट शास्त्रात.

पेणची_सुगरण

मला एकदम सोपं सांगा, बागेतला आणि माथेरानच्या जंगलात दिसतो तो सारखाच ना? मी दोन्हीचे फोटो काढलेत आणि नवरा म्हणतो एकच आहे.

कातळसडा

माथेरानचा बहुतेक मोनिलेसॉरस रूक्सी असणार, जंगलातला. २०१८ पर्यंत तोही कॅलोटसच होता, मग प्रजाती वेगळी केली. फोटो मोठा करून कान बघा. बागेतल्या कॅलोटसच्या कानाच्या पडद्याच्या वर काट्यांचे दोन छोटे झुबके वेगवेगळे दिसतात. आणि खांद्याच्या पुढे बघा, रूक्सीला तिथे कातडीची घडी असते. बागेतल्याचे अंगावरचे खवले मोठे, मधोमध कंगोरा असलेले, टोकं मागे नि वर वळलेली, कौलांसारखी. सगळ्या सरड्यांच्या डोक्यावर मात्र सापसुरळीसारख्या मोठ्या पाट्या नसतात, बारीक खवलेच असतात, आणि पाल डोळा मिटू शकत नाही, सरडा मिटतो. शेपूट पालीसारखी सोडून पळत नाही, तुटली तर तुटली.

बागेतल्याबद्दल पण सांगून ठेवतो, २०२१ मध्ये एका पेपरात दाखवलं की कॅलोटस व्हर्सिकलर या एका नावाखाली दक्षिण आशियात अनेक जाती गोळा केल्या होत्या. आपण ज्याला साधा समजतो त्याच्याच ओळखपत्रात गोंधळ.

वर्गीकरणाचा असाच एक किस्सा, मध्य प्रदेशातल्या टिकी खडकांमध्ये एक जबडा सापडला, २००६ मध्ये जाहीर झालं की ट्रायसिक काळातला, म्हणजे वीस कोटी वर्षांहून जुना, सरड्यांच्या घराण्याचा सगळ्यात जुना पुरावा, टिकिग्वानिया. अॅक्रोडाँट दात होते त्याला. खळबळ. २०१२ मध्ये हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी नीट बघून सांगितलं की हा आजच्या ड्रॅकोनिनी सरड्यांसारखाच आहे, कुठल्यातरी अलीकडच्या सरड्याचा जबडा जुन्या मातीत मिसळला. वीस कोटी वर्षं एका झटक्यात गेली.

डॉक्टर_दातवाले

दातांवरून वय सांगायला सांगू नका असं मी पेशंटच्या नातेवाइकांना नेहमी सांगतो.

पेणची_सुगरण

फोटो बघितला, खांद्यापाशी घडी आहे! नवऱ्याला दाखवलं, तो म्हणतो ती त्याच्या मानेची वळी आहे. असो. दोन आहेत एवढं मान्य झालं.

डॉक्टर_दातवाले

अपडेट. आज क्लिनिकच्या मागच्या कंपाउंडला एक बसला होता. गळा लाल, कानावरचे दोन झुबके मोबाईल झूम करून दिसले, मान हलवून झाली, मी पण हलवली. दात बघायला म्हणून एक पाऊल पुढे गेलो तर भिंतीवरून पलीकडच्या प्लॉटमध्ये. ती कुंपणापर्यंतची म्हण ज्याने केली त्याने सरडा पाहिला नव्हता.